"अजून काहीच करत नाहीयेत"

ही पोस्ट मुख्यतः आमच्या नातेवाइकांसाठी आहे. नेहमीच्या ब्लॉगमित्रांनी हवं तर चहा घेऊन बाजूला बसावं. भांडण घरचं आहे, पण मुद्दा घरचा नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईच्या मुलाच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय. पावसाळ्याच्या सुरुवातीला कल्याण-बदलापूर रस्त्यावर खड्डा चुकवताना गाडी घसरली, पाय जमिनीवर टेकलेला राहिला आणि वरचं शरीर वळलं. वय चोवीस. नोकरी गजानन मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात, म्हणजे दिवसभर उभं राहणं आणि माल काढायला शिडीवर चढणं-उतरणं. आता चौदावा आठवडा चालू आहे आणि ऑपरेशन केलेलं नाही. (हे सगळं त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही, म्हणजे मला परत परत सांगायला नको.")

आणि या चौदा आठवड्यांत आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर, एका साखरपुड्यात आणि असंख्य फोनवर एकच वाक्य फिरतंय: "अजून काहीच करत नाहीयेत." त्याचा पुढचा भाग हळू आवाजात म्हटला जातो: "पैसे वाचवतायत." माझा राग त्या दुसऱ्या भागावर आहे असं वाटेल, पण नाही. मला चीड आहे ती त्या 'काहीच'ची.

मुलगा रोज पहाटे साडेपाचला, नळाला पाणी यायच्या आधी, बराकीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजी अंथरून पाऊण तास घाम गाळतो. रात्री दुकानातून आल्यावर पुन्हा अर्धा तास. आठवड्यातून तीन दिवस जिम, दर पंधरा दिवसांनी फिजिओथेरपिस्टकडे तपासणी. याला आपण 'काहीच नाही' म्हणतो. का, तर टाका नाही, बँडेज नाही, हॉस्पिटलच्या कॉटवरचा फोटो नाही, आणि आपल्याला शहाळी घेऊन भेटायला जाता येत नाही.

आता जरा गुडघ्याबद्दल. गुडघ्याला बांधून ठेवणारी मुख्य लिगामेंट्स चार. दोन बाजूंना, दोन आत, एकमेकांना कैचीसारखी छेदून गेलेली. बाजूच्यांपैकी आतल्या अंगाचं, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडचं, ते एमसीएल. त्याला रक्तपुरवठा चांगला असतो आणि ते एकटंच दुखावलं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनाशिवाय बरं होतं. कैचीतलं मागचं, पीसीएल, एकटंच फाटलं असेल तर तिथेही बरेचदा व्यायामावर भागतं. खरा वाद आहे तो पुढच्या एसीएलचा. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये हे त्याचं काम. सांध्याच्या आत, वंगणासारख्या द्रवात ते बुडालेलं असतं, त्यामुळे फाटल्यावर तिथे रक्ताची गुठळी धरून राहत नाही आणि टोकं जुळायला आधार मिळत नाही. म्हणून वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकी वाक्य होतं: एसीएल जुळत नाही, दुसरीकडून स्नायूबंध काढून नवीन बसवावं लागतं.

या वाक्याचा पहिला भागसुद्धा आता तितका पक्का राहिलेला नाही, त्याकडे येतेच. पण दुसरा भाग पहिल्यातून आपोआप निघतो हे कोणी ठरवलं? दोर तुटला म्हणजे गुडघा निकामी झाला असं नसतं, कारण गुडघा काही फक्त दोरांवर उभा नाही. मांडीच्या मागचे स्नायू नडगीला मागे ओढून धरतात, म्हणजे एसीएलचंच काम थोडंफार करतात. पुढचे स्नायू गुडघा सांभाळतात. आणि लिगामेंटमध्ये नसांची टोकंही असतात, पाय कुठे आहे, किती वळलाय, ही खबर मेंदूला देणारी. दुखापतीनंतर ती खबर बिघडते. सूज आली की तर मांडीचा पुढचा स्नायू चक्क झोपी जातो. माणूस जोर लावतो आणि स्नायू हलतच नाही. आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं. चोवीस वर्षांचा धडधाकट मुलगा, आणि सरळ पाय चार बोटं उचलता येईना.

तर ऑपरेशनाशिवायचा उपचार म्हणजे या झोपलेल्या स्नायूला उठवणं, मग त्याला आधीपेक्षा जास्त कामाला लावणं, आणि मेंदूला पाय पुन्हा ओळखायला शिकवणं. मुंबईत केईएममध्ये १९५२-५३च्या सुमारास फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, देशातलं पहिलं, ते पोलिओच्या काळात. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ची. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे काल आलेलं नाही. मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात ते सत्तर वर्षं आहे. पोहोचलं नाहीये ते आपल्या डोक्यात.

"तरुण मुलगा आहे, करून टाका एकदाचं," असं पनवेलचे काका म्हणाले. काका, नेमक्या याच तरुण मुलांवर स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला. २०१०मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आला. १८ ते ३५ वयाचे, खेळणारे-धावणारे १२१ लोक, सगळ्यांचं एसीएल नुकतंच फाटलेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ६२ जणांचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम. ५९ जणांचा आधी व्यायाम, आणि गुडघा ऐकतच नसेल तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, चालणं, खेळणं, रोजचं जगणं यांचे गुण मोजले तर दोन गटांत फरक सापडला नाही. आणि त्या ५९पैकी ३६ जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलंच नव्हतं. पाच वर्षांनी पुन्हा बघितलं तेव्हा लागलेल्यांचा आकडा ३० झाला होता, म्हणजे निम्म्याला एक जास्त. उरलेले निम्मे बिनऑपरेशनचे, आणि गुण तेव्हाही सारखेच.

"पण म्हातारपणी गुडघा झिजेल ना!" हेही काकाच. झिजेल, शक्यता आहे. असा गुडघा दुखावला की पुढे झीज होण्याचा धोका वाढतोच. पण ऑपरेशन केल्याने ती झीज टळते असं दिसलेलं नाही. त्याच स्वीडिश लोकांचे पाच वर्षांनंतरचे एक्सरे पाहिले तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. पाच वर्षं म्हणजे म्हातारपण नव्हे हे मला कळतं. पण 'आत्ता केलं की पुढचं वाचलं' ही खात्री कोणीही देऊ नये, आणि दुकानात कापडावर रंग जाणार नाही अशी हमी देतात तशी तर मुळीच देऊ नये.

पहिल्या ठिकाणी गेलो तिथे नेमकं हेच झालं. (नाव कशाला.) एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली, "कंप्लीट टेअर" म्हणाले आणि तारीख दिली. गुडघ्याला हात लावला नाही. एमआरआय दोर तुटलाय एवढं सांगतो. चालताना, वळताना, जिना उतरताना गुडघा दगा देतो का, हे सांगत नाही. त्यासाठी हाताने तपासावं लागतं. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघायची लॅकमन नावाची तपासणी आहे, १९७६पासून छापील स्वरूपात उपलब्ध, खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. दुसऱ्या डॉक्टरांनी ती केली, दोन्ही गुडघ्यांची. मग विचारलं, "या गुडघ्याने तुला काय काय करायचंय?" मुलगा गोंधळला. त्याला वाटलं होतं की प्रश्न डॉक्टरांनी विचारायचे नसतात, फक्त उत्तरं द्यायची असतात. तो म्हणाला, शिडी, लोकल, गाडी, आणि रविवारी क्रिकेट, तेही टेनिस बॉलचं. कबड्डी? नाही. फुटबॉल? नाही. गुडघा अडकत होता का? नाही. गादीला, म्हणजे मेनिस्कसला मोठी इजा? नाही. बाजूचं लिगामेंट थोडं ताणलेलं, ते बरं होईल. मग ते म्हणाले, तीन महिने जीव तोडून व्यायाम कर, मग बोलू.

हे डॉक्टरही सर्जनच आहेत बरं का. ऑपरेशनं करतात, चांगली करतात म्हणे. माझा राग सर्जनांवर नाहीच.

आणि ज्यांना ऑपरेशन हवं त्यांना ते हवंच. गुडघा अडकून सरळच होत नसेल, दोन-तीन लिगामेंट्स एकदम गेली असतील, कबड्डीच्या चढाईसारखं पाय रोवून वळण्याचं काम असेल, किंवा व्यायाम करूनही गुडघा पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही; प्रत्येक निसटण्यात आतली गादी फाटू शकते. इंग्लंडमधला २०२२चा एक मोठा अभ्यास आहे, ३१६ लोकांचा. दुखापत जुनी झालेली आणि गुडघा अजून अस्थिर, अशा लोकांत ऑपरेशनवाले जास्त बरे निघाले. नेदरलँड्सच्या २०२१च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांचे गुण दोन वर्षांनी थोडेसे वर होते, इतके थोडे की तो फरक रुग्णाला जाणवतो का यावरच वाद आहे. आणि व्यायामवाल्यांतल्या निम्म्यांना ऑपरेशन लागलं नव्हतं. हे मी लपवत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की नुकत्याच फाटलेल्या, न अडकणाऱ्या गुडघ्याला आधी तीन महिने खरी संधी द्या, आणि 'खरी' या शब्दाला तिथे काही अर्थ असू द्या.

कारण आमच्या गावात त्या शब्दाचं काय होतं ते बघा. व्यायामाने बघू म्हटलं की पहिला सल्ला येतो मालीशचा. सूज असलेल्या गुडघ्यावर रगडून तेल, वर घट्ट पट्टा. दुसरा सल्ला केमिस्टकडच्या नी-कॅपचा. ती घातल्यावर उबदार वाटतं, धीर येतो, बाकी फाटलेल्या एसीएलचं काम ते इलॅस्टिक करत नाही. तिसरा सल्ला म्हणजे 'फिजिओ लावा'. हे बरोबर, पण कुठला फिजिओ? मी ज्या दोन-तीन ठिकाणी चौकशी केली त्यातल्या एका ठिकाणी ओळीने खाटा, प्रत्येक खाटेवर एक माणूस, गुडघ्याला वायरी लावलेल्या, वीस मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक, प्रत्येक वेळचे तीनशे रुपये, दहा वेळचे आधी भरले तर सूट. व्यायामाचा एक झेरॉक्स कागद शेवटी हातात. यात स्नायू कुठे जागा झाला? (झोपलेल्या मांडीला आकुंचन पावायला लावणारं एक करंटचं मशीन असतं, त्याचा सुरुवातीला उपयोग होतो, पण तेव्हाही पेशंटने जोर लावायचा असतो, मोबाईल बघायचा नसतो.) असल्या शेकाला दोन महिने देऊन लोक म्हणतात, "व्यायाम करून बघितला, फरक नाही," आणि ऑपरेशनला जातात. व्यायामाचा पराभव असा न लढताच होतो.

आमच्या फिजिओबाई वेगळ्या निघाल्या. त्यांच्याकडे मशीन एकच, तेही कोपऱ्यात. पहिले तीन आठवडे फक्त तीन गोष्टी: सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडी आवळणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे. दिवसाला शंभरदा. तुम्हाला सोपं वाटतंय? करून बघा, सुजलेल्या गुडघ्याने. मग भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. मग दाराच्या पायरीवर एका पायाने चढणं, आणि त्याहून अवघड म्हणजे हळू उतरणं. मग पाठीला जुन्या दप्तरात तांदळाची पाच किलोची पिशवी, मग दहाची. दात घासताना एका पायावर उभं, नंतर तेच डोळे मिटून. दुसऱ्या महिन्यापासून जिममध्ये वजनं, आणि आता बाराव्या आठवड्यानंतर उड्या: आधी दोन पायांनी, मग एका.

आणि मोजमाप! हे मला सगळ्यात आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर आदल्या दिवशीचं वजन जास्त झालं, कमी करा. दर रविवारी वाटीच्या वर चार इंचांवर मांडीचा घेर. पोरगा कापडाच्या दुकानातला, टेप धरण्यात वाकबगार! सुरुवातीला उजवी मांडी डावीपेक्षा सव्वा इंच बारीक होती. गेल्या रविवारी अर्धा इंच. एका पायावरच्या उडीचं अंतर दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के यायला हवं. त्याचं सत्तरच्या पुढे गेलंय. 'काहीच न करणाऱ्या' माणसाकडे आकडे नसतात हो.

सहाव्या आठवड्यात एकदा गुडघा निसटला. उल्हासनगर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत, मागून धक्का बसला तेव्हा. दोन दिवस सूज. ग्रुपवर त्या रात्री सत्तावीस मेसेज होते, मी मोजलेत. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, एकदा झालं, लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा झालं तर टेबलवर घेतो, त्यात अपमान वाटायचं कारण नाही. त्यानंतर झालेलं नाही. उद्या होणार नाही याची हमी मी देत नाही, आणि झालं तर ऑपरेशन होईल. तेव्हा "बघा, आम्ही सांगत होतो" म्हणायला येऊ नका, कारण तेव्हासुद्धा ही कमावलेली मांडीच उपयोगाला येणार आहे. ऑपरेशननंतर व्यायाम सुटत नाही. उलट निदान नऊ महिने हाच व्यायाम, शिवाय ज्या जागचा स्नायूबंध काढला तिथलं दुखणं वेगळं. ऋषभ पंतचं उदाहरण मला चार जणांनी दिलं. त्याचा अपघात ३० डिसेंबर २०२२चा, फार मोठा, तिथे ऑपरेशनाला पर्याय नव्हता. मुंबईत शस्त्रक्रिया झाली जानेवारी २०२३मध्ये आणि तो मैदानात उतरला मार्च २०२४मध्ये. मधले चौदा महिने तो काय करत होता? टॉवेलची गुंडाळी त्यालाही सुटली नसणार.

जुळण्याबद्दल म्हटलं होतं ते सांगून टाकते. त्या स्वीडिश अभ्यासातल्या एमआरआय फिल्म पुन्हा तपासल्या गेल्या, २०२२मध्ये ते छापून आलं. केवळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी ज्या ३० जणांच्या फिल्म होत्या त्यातल्या १६ जणांत दोन वर्षांनी लिगामेंट जुळल्याच्या खुणा दिसल्या. ऑस्ट्रेलियात गुडघा नव्वद अंशांत चार आठवडे ब्रेसमध्ये बांधून ठेवायची पद्धत काढली आहे. २०२३च्या अहवालात ८० जणांपैकी नव्वद टक्क्यांत तीन महिन्यांनी जुळल्याच्या खुणा. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पायात गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा उत्साहाने घरी कोणी पाय बांधून बसू नका. पण 'जुळतच नाही' हे वाक्य आता इतक्या ठामपणे म्हणता येणार नाही.

आता पैशांचं. 'पैसे वाचवतायत' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचा. भावजींच्या कंपनीची मेडिक्लेम आहे. मुलगा ॲडमिट झाला असता तर ऑपरेशनचे दीड-दोन लाख पॉलिसीने दिले असते, आणि डिस्चार्जनंतर साठ दिवसांपर्यंतची फिजिओथेरपीसुद्धा. ॲडमिट झाला नाही म्हणून तीच फिजिओथेरपी, तोच व्यायाम, शून्य रुपये. जिम, तपासण्या, रिक्षा, सगळं खिशातून. म्हणजे ताईने ऑपरेशन केलं असतं तर तिचे पैसे वाचले असते! ज्या उपचारात विम्याचा खर्च कमी, त्याला विमा एक पैसा देत नाही. बहुतेक पॉलिसी अशाच असतात: रात्र हॉस्पिटलात काढली तर आजार, नाहीतर नाही. मग ज्याच्या घरी महिन्याला दोन हजारही सुटत नाहीत त्याने काय निवडावं? त्याला कोणी बळजबरी करत नाही, फक्त दुसरं दार बंद असतं. सरकारी दार उघडं आहे, केईएमला स्वस्तात उत्तम व्यायाम शिकवतात. पण उल्हासनगरहून परळ पन्नासेक किलोमीटर, लोकलच्या गर्दीतून, निसटणाऱ्या गुडघ्याने, रोजगार बुडवून. तीन शहरांची ही वस्ती आहे, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, दुचाकींनी आणि खड्ड्यांनी भरलेली. प्रत्येक ठिकाणी पालिकेचा एक हॉल, चार वजनं, दोन पगारी फिजिओ, एवढं अशक्य आहे? गोल मैदानात सकाळी चालायला येणाऱ्या बाप्यांना विचारा गुडघ्यांचं, निम्मं मैदान थांबेल.

"स्वीडनचं इथे सांगू नका," असंही एक उत्तर आलंय, आणि मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटलं. तिथे रुग्णाला माणूस मिळतो, शिकवणारा, मोजणारा, वजन वाढवणारा. इथे झेरॉक्स मिळतो. बरोबर आहे. पण मग तक्रार झेरॉक्सविरुद्ध करा ना, पहाटे साडेपाचला उठणाऱ्या पोराविरुद्ध कशाला?

पुढची तपासणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी. उडी, मांडीचा घेर, लॅकमन पुन्हा. काय ते इथेच लिहीन, ग्रुपवर नाही. भेटायला जरूर या, रविवारी अकरानंतर, तेव्हा तो घरी असतो. फक्त मालीशचं तेल आणू नका. आधीच्या तीन बाटल्या ताईने फडताळात ठेवल्यात, आणि त्यातली एक नाशिकच्या मावशीची आहे, ती परत घेऊन जा.